लुईस बेटावरची कौन्सिल आणि गॅलिक

उल्लापूलहून सुटलेली बोट अडीच-पावणेतीन तासांत स्टॉर्नोवेला लागते. स्कॉटलंडच्या वायव्येला असलेल्या लुईस बेटावरचं हे सर्वांत मोठं गाव. लोक इथे येतात ते कॅलनिशचे पाषाणस्तंभ बघायला. मीही पाहिले, आणि ते भव्य आहेतच. पण मला ओढ होती ती इथल्या कौन्सिलची. एखाद्या स्थानिक स्वराज्य संस्थेने मनावर घेतलं तर ती भाषेसाठी काय करू शकते, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

१९७५पर्यंत लुईसचा कारभार रॉस आणि क्रोमार्टी काउंटीकडे होता, हॅरिसपासून खालच्या बेटांचा इन्व्हर्नेसकडे. दोन्ही कचेऱ्या समुद्रापलीकडे. शाळांची गत आणखी वाईट, कारण १८७२च्या शिक्षण कायद्यात गॅलिकचा, म्हणजे इथल्या लोकांच्या पारंपरिक भाषेचा, साधा उल्लेखही नव्हता. १९७५मध्ये या सगळ्या बेटांची मिळून एक कौन्सिल झाली. तिने लगोलग द्विभाषिक धोरण स्वीकारलं आणि प्राथमिक शाळांत गॅलिकला जागा दिली. १९९७पासून तर तिचं अधिकृत नावही फक्त गॅलिकमध्ये आहे. कारभार हाती आल्यावरच हे घडलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

स्टॉर्नोवेहून पश्चिम किनाऱ्याची बस पकडली. पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी जमीन, मेंढ्या, एकटी-दुकटी घरं, आणि प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी पाटी. पाटीवर गॅलिक आधी. काही गावांत तर इंग्रजी नावच नाही. माझ्या हातातल्या नकाशात इंग्रजी स्पेलिंग होतं, त्यामुळे ड्रायव्हरला विचारत बसावं लागलं. त्याने आनंदाने दोन-दोनदा उच्चार करून सांगितले. प्रवाशाची थोडी गैरसोय झाली तर होऊ दे, गाव आपल्याच नावाने ओळखलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

या कौन्सिलचा सर्वांत धाडसी निर्णय २०२०चा. पहिलीत येणारं मूल आपोआप गॅलिक माध्यमात. इंग्रजी हवं असेल तर पालकांनी तसं कळवायचं. मराठी शाळेत मूल घालणाऱ्या आपल्याकडच्या आईबापांना ‘का बरं?’ या प्रश्नाला सतत तोंड द्यावं लागतं. इथे वेगळा पर्याय हवा असलेल्याने सांगायचं! एका प्रशासकीय निर्णयाने ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर गेलं.

तरी आकडे काळजीचे आहेत. २०११ च्या जनगणनेत या बेटांवर ५२ टक्के लोक गॅलिक बोलत. २०२२मध्ये ४५ टक्के. स्कॉटलंडभर बोलणाऱ्यांची संख्या वाढली, आणि जिथे ती अंगणात बोलली जाते तिथेच घटली.

हे कसं होतं, ते मी उतरलो होतो त्या घरात दिसलं. सकाळी चहा ओतताना घरमालकीणबाई त्यांच्या आईशी फोनवर गॅलिकमध्ये बोलत होत्या, भरभर, मध्येच हसत. फोन ठेवला आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, बूट घाल, उशीर होतोय. इंग्रजीत. मुलगा गॅलिक माध्यमात शिकतो. मी विचारलं तेव्हा त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, नवरा मुख्य भूमीवरचा, त्याला येत नाही, मग घरात इंग्रजीच पडते. आणि शेजारची दोन घरं सुट्टीपुरती उघडतात, खेळायला मुलं आहेत कुठे?

२०२५च्या कायद्याने गॅलिकला अधिकृत दर्जा मिळाला, शिवाय भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचे भाग घोषित करायचा अधिकार स्थानिक कौन्सिलांना मिळाला. तो अधिकार शाळांबरोबर घरांसाठी आणि रोजगारासाठीही वापरला जावा, असं मला वाटतं. त्या बाईंना विचारलं, कौन्सिलने आता काय करावं? क्षणाचाही विलंब न लावता त्या म्हणाल्या, “माझा मुलगा मोठा झाल्यावर त्याला इथे परवडेल असं घर.”