पाठ केलेली वाक्यं बाजूला ठेवा

धुळे, पारोळा, अमळनेर या पट्ट्यातल्या परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्स माझ्याकडे इंग्रजीच्या तयारीला येतात. बहुतेकींच्या घरी अहिराणी, शाळा जिल्हा परिषदेची, पुढे जीएनएम नाहीतर बी.एस्सी. नर्सिंग, आणि मग आयसीयूतल्या नाइट ड्यूट्या. येताना हातात एक वही असते, कुठल्या तरी क्लासने लिहून दिलेल्या वाक्यांची. ती वही मी आधी बाजूला ठेवायला लावते.

ओईटी ही आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा. बोलण्याच्या भागात दोन प्रसंग असतात. कार्ड वाचायला तीन मिनिटं आणि बोलायला पाचेक मिनिटं. समोरचा माणूस पेशंट होतो, नाहीतर पेशंटचा नातेवाईक. पारोळ्याकडच्या एका सिस्टरला मी कार्ड दिलं: मधुमेह असलेली म्हातारी बाई, इन्सुलिन नको म्हणते. सिस्टरने 'आय कम्प्लीटली अंडरस्टँड युअर कन्सर्न' पुन्हा पुन्हा म्हटलं आणि गप्प झाली. मी म्हटलं, "वॉर्डात आजी नको म्हणते तेव्हा काय करतेस, ते कर बरं." तिने माझा हात धरला. "आजी, भिऊ नको, सुई बारीक शे. मी हळूच टोचसू. कसानी भीती वाटस, सांग."

धीर दिला, माहिती दिली, वर पेशंटला बोलतंही केलं. परीक्षेला हेच हवं असतं. भाषेबरोबरच पेशंटचं ऐकून घेतलं का, त्याला समजेल असं सांगितलं का, यालाही गुण असतात. मग तेच तिने इंग्रजीत म्हटलं: 'द नीडल इज व्हेरी थिन. आय विल डू इट स्लोली. व्हॉट वरीज यू मोस्ट?' एकही अवघड शब्द नाही. बोलण्यात खानदेश डोकावला म्हणून गुण जात नाहीत, ऐकणाऱ्याला समजायला त्रास झाला तर जातात. ही गोष्ट पोरींच्या मनात उतरायला वेळ लागतो, कारण लहानपणापासून त्यांना उलटंच ऐकवलेलं असतं.

खरी अडचण लिखाणात येते. पेशंटच्या नोंदी देतात, त्या पाच मिनिटं वाचायच्या आणि चाळीस मिनिटांत पत्र लिहायचं, साधारण 180 ते 200 शब्दांचं. जखमेच्या ड्रेसिंगसाठी घरी जाणाऱ्या नर्सला पत्र आहे, तर लहानपणी काढलेलं अपेंडिक्स त्यात कशाला? पण मुली सगळं उतरवतात, काही सुटलं तर गुण कापतील या भीतीने. मी त्यांना हँडओव्हरची, म्हणजे ड्यूटी संपताना पुढच्या नर्सला पेशंट सोपवण्याची, आठवण देते. सकाळच्या शिफ्टला तुम्ही पेशंटची जन्मकथा सांगता का? पुढच्या बाईला आज काय करायचं तेच सांगता ना.

आता पैशांचं. आयईएलटीएस या सगळ्यांसाठीच्या इंग्रजी परीक्षेला पंधरा हजारांच्या वर लागतात, ओईटीला त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून आधी देश ठरवा, व्हिसा ठरवा, मग परीक्षा. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करणारी एनएमसी आयईएलटीएस अकॅडेमिकमध्ये वाचन, ऐकणं, बोलण्याला 7 आणि लेखनाला 6.5 मागते, ओईटीत तिन्हींना बी ग्रेड आणि लेखनाला सी प्लस. हे पार केलं की ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या, व्हिसासाठी इंग्रजीचा वेगळा पुरावा द्यावा लागत नाही. ही गोष्ट लपवून एजंट दुसऱ्या परीक्षेचे पैसे घेतात, याचा मला फार संताप येतो.

नर्सचा भाऊ इंजिनिअर असेल तर त्याचं गणित निराळं. त्या व्हिसासाठी नव्याने अर्ज करणाऱ्यांना 8 जानेवारी 2026 पासून इंग्रजीची बी 1 ऐवजी त्याच्या वरची बी 2 पातळी लागते, म्हणजे आयईएलटीएसच्या चारही भागांत किमान 5.5. तीही 'यूकेव्हीआय', म्हणजे ब्रिटनच्या व्हिसासाठी असलेल्या, प्रकारचीच परीक्षा हवी, साधी चालत नाही. पदवीचं शिक्षण इंग्रजीतून झालं असेल तर एक्टिस या संस्थेकडून तसं प्रमाणपत्र घेता येतं, मग परीक्षेची गरजच उरत नाही. फॉर्म भरण्याआधी एवढं तरी तपासा. आयईएलटीएसचा निकाल साधारण दोन वर्षं चालतो, तेव्हा नोकरीचा पत्ता नसताना घाईने देऊन ठेवण्यातही अर्थ नाही.

आपल्या जळगाव-धुळ्याच्या नर्सिंग कॉलेजांना माझी कळकळीची विनंती आहे. पुस्तकं इंग्रजी असली तरी मुली तोंडाने इंग्रजी बोलतात ती फक्त तोंडी परीक्षेत. आठवड्यातून एक हँडओव्हर इंग्रजीतून घ्या, दुसऱ्या वर्षापासूनच, खऱ्या पेशंटच्या केस पेपरवरून. चुकलं तर चुकू द्या, मध्ये थांबवून व्याकरण सुधारू नका. त्याला वेगळा शिक्षकही लागत नाही आणि फीसुद्धा नाही.