म्हशीचा ताप सारखा उलटत होता, शेवटी सर्रा निघाला – माझा अनुभव

आमचं गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठाला. पाऊस उघडायच्या टायमाला ओढ्याकाठी, भाताच्या बांधाला सगळीकडं चिखल असतोय आणि गोमाश्या त्या ओल्या चिखलातच वाढतात. यंदा त्याच दिवसात आमच्या म्हशीला ताप आला. गाभण म्हस, त्यात सर्रात, म्हणजे गोमाश्या चावून पसरणाऱ्या रक्तातल्या जंतूंच्या रोगात, गाभ पडतो हे मला नंतर कळलं. इंजेक्शन दिलं की ताप उतरायचा, वैरण खायची, आणि थोड्या दिवसांनी परत तेच. दूध कमी कमी होत गेलं, डोळ्यातनं पाणी, पायाला सूज, आणि खाऊनसुद्धा अंगावरचं मांस उतरत चाललेलं. कोण म्हणालं तिवा, कोण म्हणालं गोचीडताप. तिवा तर तीन-चार दिवसात निघून जातोय, असा उलटून उलटून येत नाही.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर कन्नड बोलणारे, आप्पांना कन्नड चांगलं येतं म्हणून तेच बोलले. डॉक्टर पहिलंच म्हणाले, "ज्वर इद्दाग रक्त तगीबेकु री." म्हणजे ताप असतानाच रक्त काढायला पाहिजे, कारण सर्राचे जंतू, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, ताप चढतो तेव्हाच रक्तात भरपूर असतात, ताप उतरल्यावर काचेवर रक्त घेऊन बघितलं तर काहीच सापडत नाही आणि आपण समजतो रोग नाही. मग थर्मामीटर आणला, सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा, म्हशीचा नेहमीचा साधारण १०१ फॅरनहाइट असतो, तो १०४ च्या वर गेला तसा आप्पांनी फोन लावला. कानाच्या शिरेतनं थेंबभर रक्त घेतलं, आणि दवाखान्यात सूक्ष्मदर्शकात मला पण दाखवलं, तांबड्या पेशींच्या मधनं बारीक बारीक जंतू वळवळत होते. बघून अंगावर काटा आला खरं, पण निदान झालं याचं बरंच वाटलं.

हे गोमाशीचं प्रकरण नीट समजून घ्या, सगळं त्यातच आहे. चावते ती फक्त मादी, आणि तिचं चावणं इतकं दुखतं की जनावर शेपूट मारतंय, अंग थरथरवतंय, मग पोट भरायच्या आधीच ती उडून शेजारच्या जनावरावर बसते. तोंडाला लागलेलं ओलं रक्त तसंच तिकडं जातं, एकाची सुई दुसऱ्याला टोचल्यासारखं. आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीच्या पोटात तिथले जंतू वाढतात, इथं तसं नाही, गोमाशीच्या तोंडात हे जंतू थोडा वेळच जगतात. म्हणून आजारी जनावर लांब बांधलं तर खरंच फरक पडतो! आम्ही तिला परड्याच्या पार टोकाला बांधली, बाकीची गोठ्यात. आणि इंजेक्शनला प्रत्येक जनावराला नवी सुई मागा, सुईनं पण हा रोग जातो.

औषध क्विनापायरामिन, कातडीखाली. डॉक्टरांनी छातीचं माप घेऊन वजनाचा अंदाज काढला, कारण डोस कमी पडला तर जंतू शिल्लक राहतात आणि रोग परत उलटतो. टोचल्या जागी गाठ आली, ती हळूहळू बसली. बाजारातनं बाटली आणून घरीच टोचू नका प्लीज, गाभण जनावराला तर नाहीच.

संध्याकाळी गोठ्यात कडुलिंबाच्या पाल्याचा धूर सगळेच करतात, त्यानं चिलटं आणि डास कमी होतात, ते बरोबरच आहे, तिवा त्यांच्यामुळंच पसरतो. पण गोमाशी उन्हाची, दिवसा चावते, तिला संध्याकाळचा धूर काय करणार? आणि घरमाशीसारखी दिसणारी, पायाला चावणारी दुसरी एक माशी असते, ती शेण आणि कुजक्या वैरणीत वाढते, म्हणून शेण रोज लांब टाकतो. डेल्टामेथ्रिन या माश्या मारायच्या औषधाची फवारणी डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानंच केली, पाण्याची कुंडी झाकून.

हा रोग काय नवा नव्हे. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या इंग्रज फौजेच्या पशुवैद्यानं डेरा इस्माईल खान (आता पाकिस्तानात) इथं घोड्या-उंटांच्या रक्तात हे जंतू शोधले, नाव त्याच्यावरनंच. घोड्याला तर उपचार नाही मिळाले तर बहुतेक वेळा मरणच.

आमची म्हस वाचली, गाभ पण राहिला. दूध अजून पहिल्यासारखं नाही, वाढालंय हळूहळू. बाकीच्या म्हशींचं रक्त पण तपासायला दिलंय, कारण कितीतरी म्हशी वरनं ठणठणीत दिसतात आणि जंतू अंगात घेऊन फिरतात, रिपोर्ट यायचा आहे.