पठ्ठ्या आडवा पडला आणि पहिला आला

आज सांगलीत विश्रामबागला ताईकडे जेवायला गेलो होतो. भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. लॅपटॉपवर त्यानं ठोकळ्यांचे रोबो सोडलेले. चालायचं कसं हे तो शिकवत नाही. जास्त पुढं जातील ते ठेवायचे, थोडे फेरफार करून पुढची पिढी काढायची, बाकीचे बाद. "मामा, बियाणं निवडल्यासारखंच की!"

चाळिसाव्या पिढीत एक पठ्ठ्या ताडासारखा वाढला आणि सरळ आडवा पडला. अंतर सगळ्यात जास्त, म्हणून नंबर पहिला! संगणक संशोधक कार्ल सिम्स यांनी 1994 ला असे आभासी प्राणी वाढवले, तेव्हाही हीच लबाडी निघाली होती. 2000 साली लिप्सन आणि पोलॅक या संशोधकांनी संगणकात उत्क्रांत झालेले सांगाडे थ्रीडी प्रिंटरवर छापले आणि खरोखर जमिनीवर सरपटवले. मोटारी मात्र माणसानंच बसवल्या, हे मला जरा बरं वाटलं.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारे हर्बर्ट सायमन 1965 मध्ये म्हणाले होते, 20 वर्षांत माणसाचं कुठलंही काम यंत्रं करतील. 1985 ला मी तिसरीत होतो. मार्केट यार्डात वडील हळकुंड कडकन मोडायचे, आवाज ऐकायचे, आतला रंग उन्हात धरायचे आणि भाव बोलायचे.

भाच्याला म्हटलं, हे जमंल का तुझ्या ठोकळ्याला?

"पाच वर्षं थांब, मामा."

आई आतून म्हणाली, "मग यंदाची हळद मीच निवडते. सूप दे रे तेवढं."