कीपॅड सीक्वेन्सर, नोंद सातवी : पहिला ठोका अखेर जागेवर

मंडळी, सापडलं! दर बारचा पहिला ठोका उशिरा का पडत होता ते शनिवारी रात्री पावणेदोनला कळलं, आणि तेव्हापासून यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा (वायएमओ) या जपानी बँडच्या ‘रायडीन’ गाण्यातल्या बेसचे तेच सोळा बार मी लावून लावून ऐकतेय. घरातले कंटाळले असतील, माझं मन भरलेलं नाही.

मागच्या नोंदीतला प्रश्न आधी निकालात काढते. शंभर बार झाले की माझा डबा (म्हणजे हा घरी केलेला सीक्वेन्सर: कीपॅडवर आकडे टाइप करायचे, तो सिंथेसायझरकडून सूर वाजवून घेतो) मेट्रोनोमच्या क्लिकच्या सेकंदभर पुढे पळालेला असायचा. ते कारण साधं निघालं. टेम्पो १३८, एका बीटचे २४ टिक, म्हणजे एक टिक १८.११६ मिलिसेकंदांचा. मी वेळ मोजत होते पूर्ण मिलिसेकंदांत, त्यामुळे प्रोग्राम सरळ १८ धरत होता. दर टिकला ०.११६ मिलिसेकंद गिळंकृत. बारमध्ये ९६ टिक, म्हणजे ११ मिलिसेकंद. शंभर बारमध्ये १.१ सेकंद. आकडा तंतोतंत जुळला तेव्हाच निम्मा आनंद झाला होता. आता मोजणी मायक्रोसेकंदांत आहे, आणि पुढच्या टिकची वेळ ‘आत्तापासून इतक्या वेळाने’ अशी न काढता ‘मागच्या टिकच्या ठरलेल्या वेळेपासून इतक्या वेळाने’ अशी काढते. एखादा टिक उशिरा झाला तरी उशीर पुढे साठत नाही. तीनशे बार चालवून बघितले, हलत नाही.

पण पळणं थांबलं आणि त्याच्याखाली दडलेला दुसरा दोष उघडा पडला. प्रत्येक बारचा पहिला सूर किंचित मागे. बारचे सोळा सारखे भाग, म्हणजे सोळावे; त्यातले बाकीचे पंधरा जागच्या जागी, पहिला तेवढा उंबऱ्याला अडखळून आत आल्यासारखा. आधी कानाचा भास वाटला. नवऱ्याला ऐकवलं. त्याला या संगीताशी काही देणंघेणं नाही, तरी दुसऱ्याच बारला म्हणाला, “अगं, हे लंगडतंय.”

पुढचे नऊ दिवस याच लंगडण्याच्या मागे गेले. आधी संशय सिंथेसायझरवर, म्हणजे सिंथवर. माझ्याकडे बेहरिंगरचा मॉडेल डी आहे. त्याच्या एन्व्हलपचा ॲटॅक (सूर उठायला लागणारा वेळ) शून्यावर आणला, फरक नाही. मग ब्रेडबोर्डवरच्या जंपर वायरी बदलल्या. मग मोबाइलचा चार्जर काढून चांगला पॉवर सप्लाय लावला. मग ऑडिओ इंटरफेसचा बफर कमी केला. दर वेळी दहा मिनिटं वाटायचं की झालं काम, आणि मग तो पहिला सूर परत पाय ओढत यायचा.

शेवटी सिंथ मधून काढूनच टाकला. गेटचा (सूर कधी सुरू आणि कधी बंद ते सिंथला सांगणाऱ्या सिग्नलचा) आउटपुट दोन रेझिस्टरांनी खाली आणून थेट लाइन-इनमध्ये घातला आणि रेकॉर्ड केला. ऑडॅसिटीत मोठं करून बघितलं तर कुंपणाच्या खांबांसारखे गेट उभे. टेम्पो १३८ला दोन सोळाव्यांमध्ये १०८.७ मिलिसेकंद हवेत आणि सगळीकडे तितकेच होते. फक्त बारच्या पहिल्या खांबाआधी १३५ आणि त्याच्यानंतर ८३. म्हणजे तो एकटा २६ मिलिसेकंदांनी सरकलेला. सोळाव्याचा जवळजवळ पाव हिस्सा! सिंथ निर्दोष, वायरी निर्दोष, दोष माझ्या डब्यात. ज्यांच्याकडे ऑसिलोस्कोप नाही त्यांनी हे जरूर करून बघा. गेट ऐकू नका, रेकॉर्ड करून बघा.

शनिवारी रात्री कोपराचा धक्का लागून पडद्याचा कनेक्टर निसटला. तोच तो छोटा ओलेड पडदा, बार क्रमांक आणि स्टेप दाखवणारा, ज्याचा फोटो मी चौथ्या नोंदीत मिरवला होता. पडदा गेला आणि त्याच क्षणी पहिला ठोका जागेवर आला. मी कनेक्टर परत लावला, लंगडलं. काढला, सरळ. सहा-सात वेळा काढघाल केली, खात्री पटेपर्यंत.

कारण असं. पडद्यावर १२८ गुणिले ६४ ठिपके, म्हणजे १०२४ बाइट. ते सगळे दोन वायरींवरून ४०० किलोहर्ट्झने जातात, त्याला साधारण २६ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ माझा नॅनो (डब्यातला छोटा आर्डुइनो बोर्ड) दुसरं काहीच करत नाही. आता पडदा कधी नव्याने रंगतो? बार क्रमांक बदलला की. बार क्रमांक कधी बदलतो? पहिल्या ठोक्याला. आणि प्रोग्राममध्ये क्रम होता: बार मोजा, पडदा रंगवा, गेट उघडा. जिथे कान सगळ्यात तीक्ष्ण असतो नेमकं तिथे मी हा अडसर ठेवला होता.

मग सोपं, गेट आधी आणि पडदा नंतर, असं वाटलं ना? मलाही. तसं केलं आणि पहिला ठोका खरोखर जागेवर आला. झोपायला गेले. सकाळी ऐकलं तर पहिला सूर वेळेवर, पण जाडा. सगळे सूर टिचकी मारल्यासारखे आणि तो एक तळहाताने थोपटल्यासारखा. परत रेकॉर्डिंग, परत खांब. मी गेट टाइम १ टिक दिला होता, १८ मिलिसेकंद. पहिल्या सुराचा गेट मात्र २६चा, कारण तो बंद करायची वेळ झाली तेव्हा नॅनो पडदा रंगवण्यात गुंतलेला.

आठ मिलिसेकंदांसाठी एवढं का, असं कुणी विचारेल. मला वाटतं या संगीतात जीव तिथेच आहे. वायएमओचा १९७९चा अल्बम ‘सॉलिड स्टेट सर्व्हायव्हर’, ज्यात ‘रायडीन’ आहे, परत ऐका, हेडफोन लावून, फक्त सीक्वेन्सच्या ओळींकडे कान देऊन. त्यांचे सिंथ प्रोग्रामर हिदेकी मात्सुताके यांनी त्या ओळी कीबोर्डवर वाजवलेल्या नाहीत, रोलंड एमसी-८ या सीक्वेन्सरच्या कीपॅडवर आकड्यांनी टाइप केल्या आहेत. एका सुराला तीन गोष्टी: उंची, स्टेप टाइम, गेट टाइम. सूर कधी येतो हे स्टेप टाइम सांगतो, पण तो कसा बोलतो हे गेट टाइम ठरवतो. तीच उंची, तीच लय, नुसता गेट कमीजास्त केला की ओळ हसते किंवा गप्प होते. मात्सुताके आधी सिंथेसायझर संगीतकार इसाओ तोमितांचे सहायक होते. एकेका आवाजाला तासन् तास द्यायची सवय तिथली. वायएमओच्या मंचावर मागे तो मूगचा कपाटाएवढा मॉड्युलर आणि त्याच्यासमोर ते, हे छायाचित्र माझ्या टेबलावर चिकटवलेलं आहे. त्यामुळे माझ्या डब्यातला एक सूर जाडा निघतो हे मला चालणार नाही.

तर निर्णय: ओलेड रजा. त्याच्या जागी लाल सेव्हन सेगमेंटचे आठ आकडे, मॅक्स ७२१९ चिपवाले. चित्रं नाहीत, आकडेच. एक आकडा बदलायला मिलिसेकंदाचा लहानसा भाग पुरतो आणि जो बदलला तेवढाच पाठवायचा. बसवून दोन दिवस झाले. खांब पुन्हा मोजले: सगळे गेट १८, सगळी अंतरं १०८.७. पहिला ठोका आता बाकीच्यांसारखाच कोरा करकरीत येतो. शिवाय अंधारात ते लाल आकडे पळताना बघणं हा वेगळाच सोहळा आहे.

हा मोड्यूल बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळाला. तिथले एक काका मला आता ओळखतात. “ताई, त्या मशिनीतून गाणं निघालं का?” असं विचारतात, आणि पार्ट देताना टेस्टरवर लावून दाखवतात. ऑनलाइन दहा रुपये वाचवण्यापेक्षा मला हे परवडतं. कारण याच महिन्यात एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘अस्सल’ म्हणून पाठवलेला एमसीपी ४८२२ डॅक (आकड्याचा व्होल्ट करणारी चिप, त्यावर सुराची उंची ठरते) बनावट निघाला. वरच्या सप्तकात सूर उतरायचे आणि मी ट्रिमर पिळत बसायचे. ओळखायची खूण सांगून ठेवते: या चिपचा आउटपुट ४.०९६ व्होल्टपर्यंत जातो आणि पायऱ्या ४०९६, म्हणजे बरोबर एक मिलिव्होल्टची एक पायरी. मल्टिमीटर लावून १००० पाठवा, १ व्होल्टच्या अगदी जवळ यायला हवा. माझा ०.९४ दाखवत होता. दुसऱ्या ठिकाणाहून आणलेला ०.९९९. एका सप्तकाला एक व्होल्ट, म्हणजे एका अर्धस्वराला ८३.३३ मिलिव्होल्ट, तो ०.३३ पोटात घातला तरी चूक अर्ध्या सेंटच्याही (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) आत. काल चार सप्तकं ट्यूनरवर चढवून उतरवली, काटा जागचा हलला नाही. हा छोटा विजय मी चहा करून घेऊन साजरा केला.

ड्रम्सबद्दल तिघांनी विचारलंय की रोलंडचं ८०८ ड्रम मशीन का जोडत नाहीस. नाही जोडणार. टीआर-८०८ बाजारात आला १९८०मध्ये. वायएमओच्या अल्बममध्ये तो घुमतो १९८१च्या ‘बीजीएम’पासून. ‘रायडीन’ त्याच्या आधीचं. तिथे खुर्चीवर माणूस बसलेला आहे: वायएमओचे ड्रमर युकिहिरो ताकाहाशी, कानात क्लिक, हातात काठ्या. ‘रायडीन’ची चालही त्यांचीच. यंत्र एका रेषेत आणि त्याच्याशी घट्ट बांधून घेतलेला जिवंत ड्रमर, या दोघांमधला ताण गेला की ते गाणं मोबाइलची रिंगटोन होतं. म्हणून माझा बेत होता की ड्रम्स पॅडवर स्वतः वाजवायचे. रोज वीस मिनिटं क्लिकवर सराव चालू आहे. हाय-हॅट अजून धावते, स्नेअर मात्र बसायला लागलीय. २०२३च्या जानेवारीत ताकाहाशी गेले, मार्चमध्ये त्यांचे वायएमओतले साथीदार साकामोतो गेले, आणि एप्रिलमध्ये मी पहिला कीपॅड विकत आणला होता. त्यामुळे हे घाईने उरकायचं नाही, एवढं मनाशी ठरलेलं आहे.

‘बेत होता’ लिहिलं, कारण परवा रात्री तो बदलला. वेळ एकदा स्वच्छ झाल्यावर सहज म्हणून दोन आठव्यांचे (अर्ध्या अर्ध्या बीटच्या सुरांचे) स्टेप टाइम १२ आणि १२ ऐवजी १४ आणि १० टाकले. आणि मी खुर्चीतून उठलेच! १२-१२ म्हणजे सरळ, १६-८ म्हणजे पुरता शफल, पण मधली ती जागा, ना सरळ ना झुलती, तिथे ओळ चक्क नाचायला लागली. आपल्याकडे केरवा वाजवणारा चांगला ढोलकीवाला हीच जागा हाताने धरतो, कागदावर ती कधी येत नाही. आणि लगेच आठवलं ते ‘सॉलिड स्टेट सर्व्हायव्हर’मधलंच, वायएमओचे तिसरे साथीदार होसोनोंचं ‘ॲब्सोल्यूट इगो डान्स’. ओकिनावाच्या लोकसंगीताची उसळी आणि मागून गायिका सँडीच्या आवाजातल्या ललकाऱ्या. होसोनोंचा कान टोकियोच्या बाहेर फार रमायचा. मार्टिन डेनीचं ‘फायरक्रॅकर’ सिंथेसायझरवर आणायची कल्पना त्यांची, आणि भारतात येऊन गेल्यावर तादानोरी योको यांच्यासोबत १९७८मध्ये ‘कोचीन मून’ केला तोही त्यांनीच.

तर आता ‘रायडीन’ थोडं बाजूला, आधी ‘ॲब्सोल्यूट इगो डान्स’. पण त्यासाठी २४ टिक अपुरे आहेत. १३-११ कमी वाटतं, १४-१० जास्त, आणि मध्ये काहीच नाही, कारण एक टिकच १८ मिलिसेकंदांचा. लिहिता लिहिताच ठरवतेय: टाइमबेस, म्हणजे एका बीटचे टिक, ९६ करायचा. मग टिक होतो ४.५३ मिलिसेकंदांचा, सरळ म्हणजे ४८-४८, आणि हवी ती जागा ५२-४४ ते ५६-४० मध्ये कुठेतरी सापडेल. स्टेप आणि गेटला मग तीन तीन आकडे लागतील. उंचीला दोन. दोन अधिक तीन अधिक तीन, बरोबर आठ! नव्या डिस्प्लेवर एक पूर्ण सूर एका ओळीत मावतोय. हे आधी सुचलं नव्हतं, आत्ता बोटांवर मोजताना लक्षात आलं.

अडचण एकच, साठवण. नॅनोच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) १०२४ बाइट, सुराला तीन, म्हणजे ३४१ सूर. एमसी-८मध्ये १६ किलोबाइट होते आणि डेटा कॅसेटवर उतरवायचे. माझ्याकडे वडिलांचा टेपरेकॉर्डर आहे, चालू स्थितीत, आणि मोह अनावर होतोय. पण आधी एफरॅम मेमरीची (तीही वीज गेल्यावर टिकते) एक चिप जोडून बघते, कॅसेट दिवाळीच्या सुट्टीत.

आज रात्री पहिले आठ बार ५३-४३ने भरणार आहे. गेट सगळीकडे ६, फक्त ललकारीच्या आधीच्या सुराला २०. कीपॅडवरची ५ची कळ जरा अडकतेय, ती आधी काढून साफ करते.