आमची वाटचाल: टाकीपासून जेटपर्यंत

1975 साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली आणि साताऱ्यातल्या तिच्या कारखान्यातून 'प्रिया' बाहेर पडू लागली. त्या स्कूटरमुळे साताऱ्यात मिस्त्रींची एक पिढी घडली. आमचे आण्णा त्या पिढीतले. पोवई नाक्याजवळच्या गाळ्यात त्यांनी गॅरेज टाकलं आणि कार्बोरेटरचं (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाचं) काम हीच त्यांची ओळख झाली. टू-स्ट्रोक स्कूटर महिनाभर उभी राहिली की बाऊलमधलं (कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतलं) पेट्रोल उडून जायचं, ऑइल तेवढं खाली बसायचं आणि जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, बुजायचा. आण्णा प्लगला हात लावायच्या आधी पेट्रोलची नळी काढून बघायचे. "पेट्रोल कुठवर येतंय ते आधी बघ," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकतच मोठा झालो.

पुढे स्कूटरी कमी झाल्या, मोटरसायकली कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊ लागल्या आणि रस्त्यावरच्या गॅरेजांना किरकोळ कामं उरली. त्याच काळात पाचगणी, महाबळेश्वर, तापोळा, बामणोलीकडे पर्यटकांसाठी एटीव्ही, म्हणजे खडबडीत माळावर पळवायच्या गाड्या, आल्या. माळावर ट्रॅक, कडेला टायर रचलेले आणि चार चाकांच्या या गाड्या. यातल्या बहुतेक गाड्यांना रस्त्यावर चालवायची नोंदणी नसते, त्यामुळे बंद पडली की छोटा हत्तीत घालून खाली आणायची. पहिली गाडी आमच्याकडे अशीच पसरणी घाट उतरून आली. मालक स्ट्रॉबेरीचे शेतकरी, जोडधंदा म्हणून ट्रॅक चालवणारे. ते म्हणाले, "अवो मिस्त्री, उन्हाळ्यात पळत हुती की. नुसती पावसाळाभर झाकून ठेवली, आन् आता चोक दिला तरच चालू ऱ्हाती, चोक काढला की बंद."

हे एवढं एक वाक्य ऐकलं तरी बिघाड कुठे आहे ते कळतं. चोक ओढला की इंजिन एरवीपेक्षा जास्त पेट्रोल ओढतं, म्हणून चालतं. चोक काढल्यावर सगळी भिस्त पायलट जेटवर (गाडी उभ्या जागी चालू असताना पेट्रोल देणाऱ्या जेटवर) येते आणि त्याचं भोक साधारण 0.4 मिलिमीटरचं. उभ्या गाडीतल्या पेट्रोलचा हलका भाग उडून गेला की मागे वार्निशसारखा चिकट थर राहतो, तो नेमका त्या भोकात बसतो.

जेट साफ केला, गाडी चालू झाली, गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं, एवढ्यावर बरीच गॅरेजं काम संपवतात. आम्ही त्या पहिल्या गाडीपासूनच ठरवलं की टाकी न बघता कार्बोरेटर धुऊन द्यायचा नाही. कारण घाण वरून येते. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अशा हवेत अर्धी रिकामी लोखंडी टाकी चार महिने राहिली तर आतल्या पत्र्याला पाणी सुटतं आणि गंज चढतो. तो गंज बारीक होऊन कॉकमधून (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीतून), फिल्टरमधून खाली उतरत राहतो. आज धुतलेला जेट परवा पुन्हा बुजतो आणि नाव मिस्त्रीचं खराब होतं.

म्हणून आमच्याकडे गाडी आली की पहिल्यांदा टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढतो. वास आंबूस आहे का, रंग चहासारखा झालाय का, तळाला पाण्याचा वेगळा थर बसतोय का, हे गिऱ्हाइकाला समोर दाखवतो. गंज असेल तर टाकी उतरवून गरम पाण्यात लिंबूफूल घालून रात्रभर भरून ठेवतो, सकाळी सोड्याच्या पाण्याने धुतो आणि हवा मारून लगेच वाळवतो. वाळवल्यावर आतून तेलाचा हात फिरवावाच लागतो, नाहीतर मोकळा झालेला पत्रा तासाभरात पुन्हा लाल दिसायला लागतो. प्लॅस्टिकच्या टाकीला हा त्रास नाही, पण तिच्या झाकणातलं हवेचं छिद्र मातीने बुजलेलं असतं. गाडी दहा मिनिटं नीट चालते आणि मग गुदमरून बंद पडते, त्यामागे अनेकदा तेवढंच कारण निघतं.

कार्बोरेटर उघडताना आमच्या मुलांना (दोघं आयटीआय करून आलेली आहेत) एक शिस्त पक्की लावली आहे. एअर स्क्रू (मिश्रणातली हवा कमी-जास्त करणारा स्क्रू) काढण्याआधी तो किती फेऱ्या आत जातो ते कागदावर लिहायचं. ज्या कार्बोरेटरला रबरी डायफ्रॅम (पातळ पडदा) आहे त्याचा डायफ्रॅम स्प्रे मारायच्या आधी बाहेर, कारण त्या केमिकलने रबर फुगतं आणि मग बसत नाही. जेटमध्ये स्टीलची तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक जरासं मोठं झालं तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिणार. आता आमच्याकडे अल्ट्रासॉनिक मशिन आहे. त्यासाठी कर्ज काढलं तेव्हा घरात कुरकुर झाली होती, पण आतल्या आडव्या वाटांमधला थर जसा त्यात सुटतो तसा हाताने सुटत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आम्ही कधीच सोडत नाही. फ्लोटची सुई, म्हणजे बाऊल भरला की पेट्रोल थांबवणारी सुई, झिजली की पेट्रोल बाऊलमधून ओसंडतं आणि काही गाड्यांत ते थेट इंजिनमध्ये उतरतं. अशा वेळी डिपस्टिक काढली तर ऑइलची पातळी वाढलेली दिसते आणि वास पेट्रोलचा येतो. ते ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवली तर बेअरिंग गेलंच. कार्बोरेटर दुरुस्त करून दिला आणि ऑइल बघितलं नाही, तर ते काम अर्धवट आहे असं मी मानतो.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. ट्रॅकवरच्या गाड्या ऐन उन्हाळ्याच्या हंगामात उभ्या राहिल्या आणि त्यावरूनच पावसाळा गेला. पर्यटक परत येऊ लागले तेव्हा एकदम इतक्या गाड्या आल्या की गाळ्यासमोर जागा उरली नाही. तेव्हाच आम्ही दुचाकींचं इतर काम थांबवून फक्त इंधन यंत्रणेचं काम करायचं ठरवलं. धंद्याच्या दृष्टीने ती उडी होती. इंजेक्शनवाल्या मोठ्या गाड्यांसाठी (यांत कार्बोरेटर नसतो, पंपाच्या दाबाने इंजेक्टर पेट्रोल फवारतो) इंजेक्टर तपासायचं बेंच घेतलं, प्रेशर गेज घेतला. या गाड्यांत चावी फिरवल्यावर पंप दोन-तीन सेकंद घूं करतो. तो आवाज आला तरी दाब मॅन्युअलइतका येतोच असं नाही, कारण टाकीतल्या पंपाची जाळी चोंदलेली असते. लोक महागडा पंप बदलायला तयार होतात. आम्ही आधी जाळी काढून दाखवतो.

2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि आमच्या कामात फरक पडला. इथेनॉल उसाच्या पट्ट्यातून येतं, आमचा जिल्हाही त्याच पट्ट्यातला, त्यामुळे त्याबद्दल वाईट बोलायचं मला कारण नाही. रोज चालणाऱ्या नव्या गाडीला त्याची अडचण नसते. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून तळाला बसतात. चार महिने तसं राहिलं तर बाऊलच्या धातूवर पांढरी पूड धरते, जुन्या नळ्या फुगून मऊ पडतात. नळ्या आता आम्ही इथेनॉलला टिकणाऱ्याच घालतो. पन्नास रुपये जास्त पडतात, गिऱ्हाइकाला तसं सांगतो.

हे सगळं बघून आम्ही काम ऑक्टोबरवरून जूनवर आणलं, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या दुरुस्तीऐवजी पावसाळ्याआधीच गाडी नीट बंद करून द्यायचं. गाडी उभी करतानाच नीट उभी केली तर दुरुस्ती लागतच नाही. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मग ड्रेन स्क्रू सैल करून बाऊलमधलं उरलेलं पेट्रोल काढायचं. इंजिन बंद पडलं म्हणजे बाऊल कोरडा झाला असं नसतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. लोखंडी टाकी काठोकाठ भरून त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं औषध) घालायचा किंवा पूर्ण रिकामी करून तेल फिरवायचं. अर्धी ठेवायची नाही. इंजेक्शनच्या गाडीला स्टॅबिलायझर घालून दहा मिनिटं चालवायची, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचतं. बॅटरीची वायर काढायची.

या कामाचे पैसे दुरुस्तीच्या मानाने फारच थोडे. हिशेब बघणारी माझी बायको म्हणाली की आपणच आपलं ऑक्टोबरचं काम कमी करतोय. खरंच कमी झालं. पण त्या ट्रॅकवाल्यांनी इतर ट्रॅकवाल्यांना आमचा नंबर दिला, आणि ज्या महिन्यात पूर्वी गाळा रिकामा असायचा तो आता भरलेला असतो. दिवाळीच्या तोंडावर गाडी अडली नाही की त्यांचा हंगाम वाचतो, आणि त्यांचा हंगाम वाचणं मला दुरुस्तीच्या बिलापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

ट्यूनिंग आम्ही साताऱ्यात पूर्ण करत नाही. पाचगणी इथून पाचशे मीटरहून जास्त उंच आहे, तिथली हवा विरळ, मिश्रण जाड पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं. म्हणून शेवटचा स्क्रू जागेवर जाऊनच फिरवतो. जूनची फेरी पहिल्या आठवड्यात महाबळेश्वर-तापोळ्यापासून सुरू होते, मग पाचगणी, शेवटी कास-बामणोली. ज्यांना शेडवर येऊन गाड्या बंद करून हव्या आहेत त्यांनी मेच्या मध्यापर्यंत सांगावं, आणि आम्ही येण्याआधी टाकीत नवं पेट्रोल भरू नये.