फुगे, गोधड्या आणि एकशेसाठ फूट

बिलात ‘फुगे – ६० रुपये’ ही ओळ बघून एका रॅपर पोराच्या मॅनेजरने मला फोन केला. "दादा, हे चुकून आलंय का?" चुकून नव्हतं. त्या दिवसाच्या सगळ्या खर्चात मला मनापासून पटलेला तेवढाच एक खर्च होता.

मी रेकॉर्डिस्ट आहे. चेंबूरला बारा बाय दहाचा स्टुडिओ आहे. आरत्या, निवडणुकीच्या जिंगल्स, ऑडिओबुकं, आणि २०१९ ला ‘गली बॉय’ सिनेमा आल्यापासून रॅप, रॅप आणि रॅप. बाहेरच्या माणसाला वाटतं रेकॉर्डिस्ट आवाज पकडतो. प्रत्यक्षात माझा निम्मा दिवस खोली काढून टाकण्यात जातो. तुम्ही बोलता तेव्हा तुमच्याबरोबर भिंती, छत, फरशी, खिडकीची काच हे सगळं बोलत असतं. ते मला नको असतं. त्यासाठी रॉकवूल, जाड पडदे, फोम असा दोन लाखांचा माल मी भिंतींना लावलाय. (अंड्यांचे ट्रे चिकटवून ‘साउंडप्रूफ’ म्हणवणाऱ्यांनी एकदा दार बंद करून बाहेरची रिक्षा ऐकावी. ट्रेने काहीही अडत नाही, फक्त झुरळं होतात.)

तो फोनवाला मॅनेजर ज्याचा, तो मुलगा माझ्याकडे पहिल्यांदा आला २०१५ ला. वय सोळा, खिशात पाचशे रुपये आणि मोबाइलवर स्वतःच रेकॉर्ड केलेली एक वर्स, म्हणजे रॅपचं कडवं. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने आदल्याच वर्षी आयपॅडवर गाणं करून दाखवलं होतं, तेव्हा अशी पोरं आठवड्याला तीन-चार यायची. हा नायगावच्या बीडीडी चाळीतला. त्याची मराठी ऐकून मी पाचशेही घेतले नाहीत. नंतर त्याचं नाव झालं आणि नावाबरोबर सगळं आलं: मिनिटाला एकशेचाळीस ठोक्यांचा टेम्पो, पोटात घुमणारा ८०८ ड्रम मशीनचा बेस, आवाजावर ऑटोट्यून, शब्दांत गाड्या. वाईट नव्हतं. पण ती गाणी कुठल्याही गावातल्या कुठल्याही पोराची असू शकली असती.

यंदा तो आला आणि म्हणाला, "दादा, जुनं करायचंय. बूम बॅप. टेम्पो नव्वदच्या आसपास. किक, स्नेअर, एक लूप, बास."

माझी कळी खुलली, खोटं कशाला बोलू. बूम बॅप हा शब्दच ड्रमच्या किक (जाड ‘बूम’) आणि स्नेअर (कडक ‘बॅप’) यांच्या आवाजावरून आलाय. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या पोरांच्या हातात आवाजाचे तुकडे भरून वाजवणारं एसपी-१२०० नावाचं यंत्र आलं. १९८७ चं मॉडेल, १२ बिट, साधारण २६ किलोहर्ट्झ, आणि सगळ्या तुकड्यांना मिळून जेमतेम दहा सेकंदांची जागा. आता दहा सेकंदांत काय काय बसवणार? तर ३३ च्या गतीची तबकडी ४५ वर फिरवायची, तुकडा लवकर भरून घ्यायचा आणि यंत्रात पुन्हा खाली ओढायचा. ओढताना आवाजाला जी वाळू लागते, तिच्यावर आज लोक जीव टाकतात. वाचवायची होती जागा, आणि त्यातून घडली शैली. मी ते यंत्र कधी हातात धरलेलं नाही. कॉम्प्युटरवर त्याची नक्कल करतो, पण नक्कल चांगली करतो. हाय-हॅट (ड्रमची झांज) काट्यावर बसवत नाही, दर दुसरा ठोका केसभर मागे ठेवतो. या मुलाचे आजोबा जलशात ढोलकीला असायचे. त्यांना हे समजवावं लागलं नसतं. यूट्यूबवरून फुकट बीट उतरवून आणणाऱ्यांना मात्र मी समजवून थकलोय.

किकसाठी त्याने पाण्याचा रिकामा पिंप सुचवला, स्नेअरसाठी दाराची कडी. इथपर्यंत ठीक होतं. मग म्हणाला, "आणि वर्स घरात घ्यायची. आमच्या खोलीच्या आवाजात. सोमवारी चावी द्यायचीय."

बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. चार ठिकाणी मिळून २०७ इमारती, तळ अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, खोली एकशेसाठ चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. मधून कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं. आता त्या पाडून टॉवर होतायत आणि माणसांना पाचशे फुटांची घरं मिळतायत. त्याच्या मजल्यावर तीनच कुटुंबं उरली होती. त्याच्या घरचे महिनाभरापूर्वीच भाड्याच्या घरात गेले होते. आईला "चल" म्हणाला तर ती म्हणाली, "झाडूनपुसून कुलूप लावलंय मी. आता काय बघायचं राहिलंय तिथे?"

रविवारी आठला पोचलो. रविवारच का, तर बाजूच्या प्लॉटवरचं पायलिंग त्या दिवशी बंद असतं.

फुगे कशाला, ते सांगतो. एखाद्या खोलीचा घुमारा कायमचा साठवायचा असेल तर तिथे एक अगदी क्षणभराचा, पण मोठ्ठा धमाका करायचा आणि त्याची विरत जाणारी शेपूट रेकॉर्ड करायची. याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. ती शेपूट कॉम्प्युटरमध्ये घातली की पुढे कुठलाही आवाज त्या खोलीत वाजल्यासारखा ऐकू येतो. खोली पाडली तरी. परदेशात पिस्तूल उडवतात. नायगावात पिस्तूल उडवलं असतं तर हे लिहायला मी बाहेर नसतो. म्हणून फुगे.

खोलीत चार फोडले, कॉरिडॉरमध्ये चार फोडायचे होते. दुसऱ्यालाच समोरच्या काकू बाहेर. "काय रे, वाढदिवस आहे का कोणाचा? सुतकी तोंडं करून फुगे कसले फोडताय?" मग तिच्या मागून पोरं. पाच-सहा होती. पुढचे दोन फुगे मी फोडलेच नाहीत, माझ्या हातातून गेले. एक टाचणीने फुटला आणि एक दाताने.

मग वर्स. खोलीच्या मधोमध एसएम५८ माइक, झूमचा रेकॉर्डर जमिनीवर, तो हेडफोन लावून उभा. चार ओळी म्हणाला आणि थांबला. परत चार, परत थांबला. हेडफोन काढून खिडकीकडे गेला.

"हे आमचं घर नाय, दादा."

मी म्हटलं, बाबा, तूच तर चावीने उघडलंस.

"आवाज आमच्या घराचा नाय. संडासात बोलल्यासारखं वाटतंय."

त्याने मोबाइलवर ती २०१५ ची वर्स लावली. मी ती तेव्हा ऐकली होती, पण कान देऊन नाही. सुकी ठणठणीत. शब्द तोंडातून निघतो आणि संपतो. मागे पंखा, आणि शेवटच्या ओळीवर त्याच्या आईचा आवाज: "झोप मेल्या आता, सकाळी पाणी आहे."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला तेवढा वेळ लागला याची मला लाज वाटली. माझाच तर धंदा. ती वर्स त्याने गोधडीखाली डोकं घालून म्हटली होती, आणि त्या एकशेसाठ फुटांत सहा माणसं, दोन पलंग, वर रचलेल्या गाद्या, दोरीवरचे कपडे, धान्याचं पोतं होतं. आवाज जायला जागाच नव्हती. सामान गेलं, माणसं गेली, राहिलं नुसतं काँक्रीट. टाळी वाजवली तर दीड सेकंद तरी घुमत होती. वॉलेस सॅबिन नावाच्या हार्वर्डच्या प्राध्यापकाने १८९५ पासून याचंच गणित मांडायला घेतलं. रात्री-बेरात्री थिएटरातल्या खुर्च्यांच्या उशा उचलून लेक्चर हॉलमध्ये नेऊन टाकायचा आणि घुमारा किती कमी झाला ते घड्याळ लावून मोजायचा.

आम्ही काकूंकडे गोधड्या मागितल्या.

"कशाला?"

"घर करायचंय," तो म्हणाला.

तिने तीन दिल्या, शेजारच्यांनी दोन आणि एक गादी. पोरं बोलवावी लागली नाहीत. काकू स्वतः दारात बसल्या, तांदूळ निवडायचं ताट घेऊनच. मी पोरांना भिंतीला टेकवून उभं केलं, गोधड्या दोरीवर टाकल्या आणि टाळी वाजवली. टप्. मेली टाळी. स्टुडिओत याच ‘टप्’साठी मी दोन लाख घातलेत.

त्याने एका टेकमध्ये वर्स पूर्ण केली. मध्ये कोणीतरी खोकलं, काकूंच्या बांगड्या ताटाला दोनदा लागल्या, एका पोराने हसू दाबलं. माझ्या हिशेबात सहा चुका. आणि गेल्या दहा वर्षांत मी त्याच्याकडून ऐकलेला सगळ्यात चांगला टेक. त्याचा आवाज अर्धा सूर खाली आला होता. माइकसाठी बोलत नव्हता, समोरच्यांना सांगत होता.

आता खरी गोष्ट.

आठवड्याने स्टुडिओत बसून त्याने दोन्ही ऐकले. गोधड्यांचा टेक, आणि रिकाम्या खोलीतला सुरुवातीचा, ज्यात त्याच्या आवाजामागे ते काँक्रीट घुमतं. त्याने रिकाम्याला बोट दाखवलं.

मी म्हटलं, "येडा झालास का? तूच म्हणालास हे आमचं घर नाय."

"लोकांना कळणार नाय दादा. सुका ऐकला तर वाटेल बाथरूमपण परवडत नव्हता, डायरेक्ट कपाटात म्हटलंय. घुमलं की आठवण वाटते."

हे मॅनेजरचं वाक्य आहे, असं मला तेव्हा वाटलं. मॅनेजर मंडळींचं ठाम मत असतं की जुनं म्हणजे घुमणारं. मग रेकॉर्डच्या खरखरीचा प्लगइन लावा, पावसाचा आवाज टाका. मी जरा जास्तच बोललो. म्हटलं, ज्या आवाजात तू वाढलास तो तुझ्याकडे आहे आणि तू तो टाकून देतोयस.

तो शांतपणे म्हणाला, "आता तिथे असंच ऐकू येतं ना पण."

यावर मला उत्तर नाही. खोटं म्हणावं तर खोली खरी, तारीख खरी, घुमारा खरा. गोधड्या मात्र काकूंच्या होत्या, पोरं दुसऱ्यांची होती. मांडलेलं नाटक म्हणाल तर ते आमचंच होतं. दोन्ही टेक मिसळूनही पाहिले. जमत नाही. लांब शेपूट आखूड शेपटीला गिळते, कानाला मोठीच खोली ऐकू येते.

शेवटी त्याच्या म्हणण्याप्रमाणे मिक्स केला. वर्स रिकाम्या खोलीतली, आणि कडीचा स्नेअर कॉरिडॉरच्या शेपटीतून पाठवला. कॉरिडॉरचा एकच फुगा वापरण्याजोगा होता, तो दाताने फोडलेला. त्यात एक भानगड आहे. फुटल्यावर पाऊण सेकंदाने ते पोर हसलंय. साधारण रेकॉर्डिंगमध्ये एवढ्याने काही बिघडत नाही, पण शेपटीत हसू असलं की ती ज्या ज्या आवाजाला लावाल त्याच्या मागे तेही लागतं. प्रत्येक स्नेअरच्या मागे, विरताना, पुसट.

कापायला दोन मिनिटंही लागत नाहीत. परवा त्याने एकदा विचारलं, "स्नेअरच्या मागे काय खिसखिस येतंय दादा?"

"कॉरिडॉर आहे," मी म्हटलं.

मास्टर शुक्रवारी जायचाय. अजून कापलेलं नाही.