औट विसा सत्तर

डेन्मार्कमधल्या ऑर्हूसला येऊन चौथा दिवस. बंदराकाठच्या डॉक वन या प्रचंड वाचनालयात मी टोकन हातात धरून बसले होते. पुस्तकं आणि सरकारी खिडक्या इथे एकाच छपराखाली आहेत. मला हवा होता सीपीआर नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक. दहा आकडी. पहिले सहा म्हणजे जन्मतारीख, शेवटचा आकडा बाईमाणसाचा सम, पुरुषाचा विषम. तो नसेल तर बँकेत खातं उघडताना आणि डॉक्टर मिळवताना सगळंच अडतं.

एवढ्यात घण्णकन घंटा वाजली. देवळातल्यासारखी, पण अंगात घुमणारी. कुणी मान वर केली नाही. शेजारच्या पोराने सांगितलं, शहरातल्या इस्पितळात आत्ता बाळ जन्मलंय; आईबाप तिथे बटण दाबतात आणि इथे ही काशाच्या नळकांड्यासारखी घंटा वाजते. मला त्या बाळाचा जरासा हेवाच वाटला. त्याला नंबर माझ्याआधी मिळणार होता.

नंबर मिळाला, पण तो तोंडाने सांगता येईना. डॅनिश लोक आकडे जोडीजोडीने बोलतात. आठ आकडी फोननंबर म्हणजे चार जोड्या. त्यामुळे पन्नास, सत्तर, नव्वद यांच्यापासून सुटका नाही. आणि तीच तर गोम आहे. पन्नासला म्हणतात 'हॅल्ट्रेस', सत्तरला 'हॅलफ्यॅर्स', नव्वदला 'हॅलफेम्स'. डॅनिशच्या वर्गातले सगळे रडकुंडीला आले होते. बाई फळ्यावर फोड करू लागल्या: हॅल्ट्रेस म्हणजे 'अर्धा-तिसरा गुणिले वीस'.

अर्धा-तिसरा? माझ्या डोक्यात लख्ख झालं. अडीच! आपलं 'अडीच' आलंय संस्कृत 'अर्धतृतीय'वरून, म्हणजे तिसरा अर्धाच. साठ म्हणजे तीन विसा, ऐंशी म्हणजे चार विसा. आणि सत्तर? 'अर्धा-चौथा गुणिले वीस'. अर्धचतुर्थ, म्हणजेच औट, साडेतीन! संतांच्या 'औट हात' देहातलं औट, औटकीच्या पाढ्यातलं औट. माझी आजी गवऱ्या विसांत मोजायची, 'तीन विसा आन् पाच' असं. ती या वर्गात पहिली आली असती. शिवाय डॅनिशमध्ये एककही आधी येतो, आपल्या पंचवीस-सव्वीससारखा. स्पॅनिश मुलगा डोकं धरून बसला होता आणि मी उगाचच ऐटीत.

ती ऐट फार दिवस टिकली नाही. वरच्या मजल्यावरच्या आजींनी जेवायला बोलावलं. वय औट विसांच्या पुढे, पण 'आजी' म्हणायची सोय नाही. इथे शेजारीण काय, साहेब काय, प्राध्यापक काय, सगळ्यांना 'डू', म्हणजे सरसकट अरे-तुरे. पहिले काही महिने मी वाक्यं अशी फिरवायचे की समोरच्याला 'तू' म्हणावंच लागू नये. तर त्या म्हणाल्या, शुक्रवारी 'हॅल सिव'ला ये. सिव म्हणजे सात. मी घरून शिकलेला हिशेब लावला, साडेसात. नोव्हेंबर होता, चारनंतर अंधारच असतो, त्यामुळे बाहेर बघून वेळेचा अंदाज यायची सोय नव्हती. बरोबर साडेसातला मी फुलं घेऊन दारात उभी. दार उघडलं ते कोट घातलेल्या बाईंनी. मला काही झालं की काय म्हणून त्या खाली यायलाच निघाल्या होत्या. 'हॅल सिव' म्हणजे सातव्याचा अर्धा. साडेसहा. ज्या अर्ध्या-तिसऱ्यावर मी वर्गात टेंभा मिरवला, तोच घड्याळात मला ओळखू आला नाही.

मी मांस खात नाही हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. उकडलेले बटाटे, वर दाट पार्सली सॉस. दोन्ही गार झालेले. त्या रागावल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, आम्ही साडेसहाला जेवतो. लावलेली मेणबत्ती मात्र निम्मी जळून गेली होती, ती मला जेवणभर दिसत राहिली. दुसऱ्या आठवड्यात जिन्यात भेटल्या तेव्हा मी 'टाक फॉर सिस्ट' म्हणाले. 'मागच्या भेटीबद्दल आभार' असं पुढच्या भेटीत म्हणायची इथे रीत आहे. त्या हसल्या.

सायकलचं दुःख वेगळंच. पुण्यात बारा वर्षं स्कूटर चालवलेली मी, इथे थांबण्याआधी हात वर करायला विसरले की मागून घंटांचा मारा. डावीकडे वळायचं तर आधी सरळ चौक ओलांडायचा, पलीकडे थांबायचं, मग वळायचं.

परवा रविवारी बेकरीत गर्दी होती. यंत्रातून चिठ्ठी काढली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. आतून हाक आली, 'टो-ओ-हॅलफ्यॅर्स!' दोन आणि औट विसा. बहात्तर. चिठ्ठीकडे न बघता मी पुढे झाले आणि घोटून पाठ केलेल्या डॅनिशमध्ये दोन गोल पाव मागितले. मुलीने पाव पिशवीत घातले, माझ्याकडे पाहून गोड हसली आणि म्हणाली, "एनिथिंग एल्स?"